जिन्याचं वरचं बटण

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या घरात घडली आहे, आणि त्यातली निम्मी माझ्याच हातांनी घडली आहे.

मध्यरात्र नव्हती. वादळ नव्हतं. वीजही गेली नव्हती.

थंडीतला शनिवार होता. संध्याकाळचे साडेसहा. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता आणि कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

मी सव्वीस वर्षं वायरमन आहे. 'आमच्याकडे दिवे आपोआप लागतात, विझतात' म्हणून लोक घाबरून बोलावतात. मी जातो, बोर्ड उघडतो. कुठे तार सैल असते, कुठे भिंतीत ओल. एका ठिकाणी तर उंदराने वायर कुरतडली होती. भूत अजून एकाही बोर्डात सापडलेलं नाही, असं मी सगळ्यांना हसत सांगायचो.

आता सांगत नाही.

मामा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद करून पाच वर्षं झाली, पण माणूस अजून काट्यावर चालतो. चहा सव्वासातला म्हणजे सव्वासातला. मामी शिवणकाम करायची. वरच्या मजल्यावर एकच खोली आहे, तिथे तिचं मशीन. तीन वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली. तेव्हापासून ती खोली बंदच. मशीनवर चादर, दाराला कडी.

मामांचा मुलगा, म्हणजे दादा, दुसऱ्या शहरात असतो. मध्यंतरी मामा अंधारात बटण चाचपताना बोळात पडले. मनगट मुरगळलं, बाकी निभावलं. पण दादाने हट्टच धरला.

"बाबा, एक तर माझ्याकडे चला, नाहीतर घरातले सगळे दिवे मला फोनवर दिसले पाहिजेत."

"मी हे घर सोडून कुठेही येणार नाही," मामा म्हणाले.

म्हणजे फोनवरून चालणारे, उजेड कमी-जास्त करणारे स्मार्ट डिमर बसवायचं ठरलं. बसवणार कोण? घरचा वायरमन. दादा तिकडून फोनवर हुकूम सोडणार, मामा इथे तोंड पाडून बसणार, आणि मी मधल्या मध्ये अडकित्त्यातली सुपारी.

त्या शनिवारच्या आदल्या शनिवारी मी सकाळीच गेलो.

"या, फ्यूज आले," मामा म्हणाले. लहानपणी मी त्यांच्या प्लगमध्ये हेअरपिन घालून अख्ख्या घराचा फ्यूज उडवला होता. तेव्हापासून माझं नाव तेच.

खोल्यांचं काम सोपं होतं. साधं बटण म्हणजे काय, तर एक दरवाजा. उघडला की वीज दिव्यापर्यंत जाते, मिटला की थांबते. ते काढायचं आणि त्याच डबीत डिमर बसवायचा. फक्त डिमर स्वतःही जागा असतो ना, म्हणून त्याला न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार वेगळी द्यावी लागते. डिमरवर पाच बारीक ठिपके असतात. पाचही उजळले की पूर्ण प्रकाश, एकच राहिला की मिणमिण. शिवाय दिवा कुणी, कधी, कुठून लावला ते अॅपमध्ये लिहिलं जातं. 'फोन' किंवा 'बटण'.

बाहेरची खोली, स्वयंपाकघर, बोळ, मामांची झोपायची खोली. दुपारपर्यंत चारही झाले.

राहिला जिना.

"त्याला हात लावू नकोस," मामा म्हणाले.

"का हो?"

"चाललंय ना नीट? मग चालू दे."

मी फोन स्पीकरवर टाकला. दादा उसळलाच. "अरे, जिनाच तर सगळ्यात धोक्याचा! तोच सोडलास तर बाकीचं करून उपयोग काय?"

 पोरासमोर मामा वाद घालत नाहीत.

जिन्याला टू-वे असतो. एक बटण खाली, एक वर, दोघांत मिळून एक दिवा. खालून लावा, वर पोचलात की वरून बंद करा. डिमरचं तसं नसतं. एका टोकाला डिमर बसवला की दुसऱ्या टोकाला त्याच्या जोडीचं खास बटण लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. मागवायचं म्हणजे आठवडा.

आणि वर जातंय कोण? कुणीच नाही.

म्हणून मी सोपा मार्ग धरला. वरचं बटण काढून टाकायचं, तारा जोडून टाकायच्या, डबीवर कोरी पट्टी मारायची.

अकरा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. मनगट मुरगळल्यापासूनच काय, त्याआधीही मामा वर फिरकले नव्हते. मामी गेल्यापासून नाहीच. माझ्या बुटांचे ठसे धुळीत स्पष्ट उमटत होते.

वर पोचलो. बोर्डाच्या कडांवर धूळ होती. कोळ्याचं जाळं होतं.

बटण मात्र...

बटण स्वच्छ होतं. रोज बोट लागून चकाकतं तसं.

मी ते पाहिलं. खोटं कशाला बोलू, पाहिलं आणि सोडून दिलं. पोटात कावळे ओरडत होते आणि एवढंच काम उरलं होतं.

पट्टीचा शेवटचा स्क्रू पिळत होतो तेव्हा मामा जिन्याच्या तळाशी येऊन उभे राहिले.

"वरून बंद कसा करायचा आता?"

"करायचाच कशाला? फोनवरून होतो."

"ज्याच्याकडे फोन नाही त्याने?"

मला हसू आलं. जिन्याच्या वर उभा राहून, त्या बंद दाराला पाठ लावून, मी मोठ्याने म्हणालो, "त्याने खाली यायचं आणि बंद करायचा! दुसरं काय?"

मामा हसले नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हते. माझ्या मागच्या दाराकडे बघत होते.

पाच वाजता मी निघालो. जुनी बटणं पिशवीत टाकली. वायरमन जुनं बटण फेकत नाही, कधी ना कधी उपयोगी पडतं.

अॅप माझ्याही फोनवर होतं. त्या संध्याकाळी सहज उघडून पाहिलं.

जिना. सहा तीस, चालू. बटण.

जिना. सहा चौतीस, बंद. बटण.

रविवारीही तेच. सोमवारीही तेच. सहा तीस, सहा चौतीस. दादाचा फोन आला. "बघ, बाबा शिकले! उगाच नको नको म्हणत होते."

मंगळवारी सात वाजता मामांचा फोन आला.

"ये बाबा. वरचं बटण परत लाव."

"काय झालं? दिवा फडफडतोय का?"

 ते सांगायला लागले. आवाज इतका बारीक की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

मामी रोज साडेसहाला शिवायला वर जायची. मामा खालून दिवा लावायचे. तिचा गुडघा दुखायचा. एक पाय पायरीवर, थांबायचं, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. अशा अकरा पायऱ्या. वर पोचली की ती दिवा बंद करायची. टक. तो आवाज आला की मामांना कळायचं, पोचली. तोवर ते हातातला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा खाली ठेवायचे.

ती गेल्यावरही मामांनी साडेसहाला दिवा लावणं सोडलं नाही. सवय.

"आणि दिवा बंद व्हायचा रे," मामा म्हणाले. "तेराव्या दिवसापासून. पावलं वर जायची... आणि टक. तीन वर्षं. एक दिवस चुकला नाही."

 वाटलं, एकटेपणाने माणसाचं असं होतं. मी समजूत काढली. "शनिवारी येतो, मामा. नक्की."

"शनिवारी..." ते म्हणाले. एवढंच. आणि फोन ठेवला.

चार दिवस मी थांबलो. कामं होती. कामं काय, नेहमीच असतात.

शनिवारी सहाला पोचलो. मामांची दाढी वाढलेली. आठवड्यात माणूस निम्मा झाला होता. त्यांनी खुर्ची जिन्याकडे पाठ करून ठेवली होती.

मी पिशवी उघडायला लागलो. त्यांनी हात धरला.

"साडेसहा होऊ दे. आधी ऐक. नाहीतर म्हणशील, म्हाताऱ्याला भ्रम झालाय."

साडेसहाला त्यांनी डिमर दाबला. पाच ठिपके उजळले. जिना हळूहळू उजेडात आला. रिकामा. ते येऊन खुर्चीत बसले. मी शेजारी स्टुलावर, तसाच पाठ करून.

शेजारचा टीव्ही ऐकू येत होता.

मग...

एक पाऊल. थांबणं. दुसरं पाऊल, त्याच पायरीवर.

 ती चाल मी लहानपणापासून ऐकलेली होती. सुट्टीत मामाकडे आलो की याच आवाजावर आम्ही पोरं पत्ते लपवायचो. मला भीती वाटली, ते खरंच आहे. पण डोळेही भरून आले. मामी होती ती.

दोन... तीन... चार...

अकरा.

शांतता.

मग वरून आवाज आला. भिंतीवर तळहात फिरतोय, तसा. बटण जिथे होतं तिथे. मी मारलेल्या पट्टीवर.

खर्र... खर्र...

चाचपत होती बिचारी. वर, खाली, कडेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचपणं थांबलं.

"आता ऐक," मामा कुजबुजले.

वरची कडी वाजली.

आणि पावलं खाली यायला लागली.

थांबत नव्हती. गुडघा दुखत नव्हता. एकसारखी, अनवाणी, भराभर... एक पायरी सोडून एक.

"पहिल्या दिवशी मला आनंद झाला रे," मामा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, मेल्यावर दुखणं राहत नसेल. गुडघा बरा झाला हिचा." ते खुर्चीत पुढे सरकले. "पण चाळीस वर्षांचा संसार आहे. बायकोची चाल मला कळत नाही? वर जाते ती तुझी मामी."

शेवटची पायरी वाजली. आमच्या मागे, हातभर अंतरावर.

"खाली येतं ते कोण आहे?"

मी वळणार होतो. मामांनी माझं मनगट इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशी वळ होते.

समोरच्या भिंतीवर जिन्याचा उजेड पडला होता. तो उतरायला लागला. डिमर असाच उतरतो, हळूहळू. कुणीतरी बोट दाबून धरलं की. भिंत पिवळी झाली, मग करडी...

मग काळी.

माझ्या मानेला गार वाटलं. वारा नव्हता. कुणीतरी वाकून बघतं तसं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. शेजारी कुणीतरी परत हसलं आणि माझा श्वास सुटला. टॉर्च लावला. कुणी नव्हतं. फोन पाहिला.

जिना. सहा चौतीस, बंद. बटण.

मी मेन स्विच बंद केला.  आणि वर गेलो. जावंच लागलं, काढलं होतं मीच. मामा खालून टॉर्च धरून उभे होते आणि सारखं "आहे ना रे? आहेस ना?" विचारत होते.

"आहे मामा, आहे."

वरच्या दाराची कडी निघालेली होती. दार चार बोटं उघडं. आत मशीनवरची चादर जागच्या जागी. मी दार ओढून कडी घातली आणि मग तिकडे बघितलंच नाही.

कोऱ्या पट्टीवर ओरखडे होते. बारीक, शेकडो, एकावर एक. आणि वरचा स्क्रू दोन आटे बाहेर आला होता. बिचारीने आपल्या नखांनी तो काढायचा प्रयत्न केला होता. एवढी धडपड कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी डिमर काढला. दोन्ही जुनी टू-वे बटणं होती तिथे लावली. पाऊण तास लागला. मेन चालू केला.

"लावा मामा."

मामांनी खालचं बटण दाबलं. दिवा लागला. मी उतरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो, जिन्याकडे तोंड करून. या वेळी बघायचंच ठरवलं होतं.

दिसलं काहीच नाही.

पाऊल. थांबणं. पाऊल. अकरा पायऱ्या.

टक.

दिवा बंद झाला.

मामा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "पोचली," म्हणाले. "पोचली रे."

आम्ही अर्धा तास थांबलो. खाली कुणीही आलं नाही. मला वाटलं, सुटलो. सव्वासातचा चहा त्या दिवशी पहिल्यांदाच आठ वाजता झाला, आणि मामांनी मला 'फ्यूज' म्हणून हाक मारली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

घरी जाताना, गाडी चालवता चालवता, माझ्या डोक्यात हिशेब आला.

वर जाणारी पावलं फक्त मामीची. सात संध्याकाळी मामांनी कान लावून ऐकलं, आठव्या संध्याकाळी आम्ही दोघांनी. दुसरी कुठलीच पावलं वर गेली नव्हती.

मग जे खाली आलं होतं... ते परत वर कधी गेलं? एरवी मामा झोपल्यावर जात असेलही, पण आज तर ते खाली असतानाच मी वरच्या दाराला कडी घातली होती.

घरी पोचून अॅप उघडलं. जिना आता त्यात नव्हता. बाकीच्या चार खोल्या होत्या.

स्वयंपाकघर. नऊ बारा, बंद. बटण.

बोळ. नऊ वीस, बंद. बटण.

मामांची खोली. शंभर... ऐंशी... साठ...

मी फोन केला. मामा जागे होते.

"मी पेपर वाचतोय," ते हळूच म्हणाले. "उजेड कमी होतो. मी वाढवतो. परत कमी होतो."

याला चार महिने झाले.

मी म्हटलं, सगळे डिमर काढून टाकतो. ते म्हणाले, "राहू दे. निदान ते कुठल्या खोलीत आहे, एवढं तरी कळतं."

मी म्हटलं, दादाकडे चला. तर म्हणाले, "ती रोज चढते. मी दिवा लावला नाही तर अंधारात चढेल. गुडघा दुखतो तिचा."

दादाला खरं सांगितलं तर तो उचलून घेऊन जाईल, आणि मामा तिकडे महिनाभरही जगणार नाहीत. नाही सांगितलं तर ते त्या घरात एकटे आहेत. एकटे नाहीत, हेच तर दुखणं आहे. दादा म्हणतो, बाबा हल्ली फार दिवे लावतात-विझवतात, वयाचा परिणाम. मी हो म्हणतो.

मामी तीन वर्षं रोज वरून दिवा का बंद करत होती, याचा मी आता फार विचार करतो. आम्हाला वाटलं, मामांना कळावं म्हणून. पण त्या खोलीत तिच्याबरोबर दुसरंही काही असेल, तर? त्याला जिना दिसू नये म्हणून ती धडपडत असेल, तर? आणि मी तिच्या हातातलं बटण काढून घेतलं. वर उभा राहून मोठ्याने सांगितलंही, खाली यायचं म्हणून.

दर शनिवारी मी जातो, आधी वरची कडी काढून ठेवतो. साडेसहाला मामा दिवा लावतात. मामी वर जाते. टक. मग मी दिवा पुन्हा लावतो, जिन्याच्या तळाशी उभा राहतो आणि रिकाम्या घराला सांगतो, "वर बटण बसवलंय आता. वर जा."

वेड्यासारखं वाटतं. तरी सांगतो.

मग आम्ही दोघं श्वास रोखून पायऱ्यांकडे कान देऊन उभे राहतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

अजून कुणी वर गेलेलं नाही.